शॉर्ट ॲक्शन घेतली की ग्रुप लहान होतो का? एका साडेदहा पौंडी रायफलीचं प्रकरण

बॅरल उत्तम, गोळ्या वजन करून निवडलेल्या, पावडर बेंचरेस्टमधले, म्हणजे बेंचवर टेकवलेल्या रायफलीने लहानात लहान ग्रुप मारण्याच्या खेळातले, बहुतेक जण वापरतात तीच. तरीही १०० यार्डांवर पाच शॉटचा ग्रुप कधी ०.२२ इंच, तर लगेच पुढचा ०.४५. तीन गोळ्या एकाच भोकात आणि दोन वर किंवा खाली निसटलेल्या. रायफल ६ पीपीसी या आखूड काडतुसाची, लाइट व्हार्मिंट या वजनगटासाठी बांधलेली. ॲक्शन (बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो रिसीव्हर) मात्र खास बेंचरेस्टची नव्हती. ती कारखान्यात बनलेली, .३०८ कुळातल्या काडतुसांसाठी आखलेली मॅगझिनवाली शॉर्ट ॲक्शन होती आणि नेमबाजाने ती जुनी विकत घेतली होती. तिच्यात .२२२ कुळाच्या, लहान बुडाच्या काडतुसांचा बोल्ट होता आणि त्याचं तोंड लेथवर पीपीसीच्या बुडाएवढं मोठं करून घेतलेलं होतं.

नेमबाजाचं निदान तयार होतं. "ही ॲक्शन पीपीसीला लांब पडते. अजून आखूड, सिंगल-शॉट घेतो, म्हणजे प्रश्न मिटेल." मी म्हटलं, "घ्यायचीच असेल तर जरूर घ्या, पण आधी ही का विखुरते ते कळू द्या. नाहीतर हाच दोष नव्या रायफलीत घेऊन जाल."

बेंचरेस्टमध्ये ॲक्शनच्या लांबीबद्दल इतकं ठामपणे बोललं जातं की लांबीतून नक्की काय मिळतं, हे फारसं कोणी तपासत नाही. या रायफलीने ते तपासायची चांगली संधी दिली. काम सावकाश आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून झालं, म्हणूनच ते लिहून ठेवण्याजोगं वाटतं.

या खेळात बेंचवर पुढचा रेस्ट आणि मागची वाळूची बॅग असते. सात मिनिटांत पाच रेकॉर्ड शॉट मारायचे. त्याच कागदावरच्या साइटर टार्गेटवर मात्र हवे तितके शॉट मारता येतात. सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर म्हणजे ग्रुप, आणि पाच ग्रुपांची सरासरी म्हणजे अ‍ॅग्रिगेट. लाइट व्हार्मिंटची वजनमर्यादा दुर्बिणीसकट साडेदहा पौंड, हेवी व्हार्मिंटची साडेतेरा. १०० यार्डांवर पाव इंचाच्या वरचं अ‍ॅग्रिगेट घेऊन चांगल्या स्पर्धेत वरच्या रांगेत येणं कठीण. मॅक मॅकमिलन यांनी १९७३ मध्ये १०० यार्डांवर पाच शॉटचा ०.००९ इंचांचा ग्रुप मारला होता आणि तो विक्रम ४० वर्षं टिकला.

इथे चूक किती लहान असते तेही पाहू. १०० यार्ड म्हणजे ३६०० इंच. टार्गेटवर ०.१ इंचाचा फरक पडायला २२ इंची बॅरलचं तोंड फक्त ०.०००६ इंच हललं तरी पुरे. माणसाचा केस साधारण तीन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड असतो, म्हणजे हे त्याच्या पाचव्या हिश्शाइतकं. त्यामुळे ॲक्शन, स्टॉक (दस्ता), दुर्बीण यांपैकी कुठेही एखादी गोष्ट दर शॉटला वेगळ्या जागी बसत असेल, तर ती टार्गेटवर दिसणारच.

आधी दुर्बीण

ॲक्शनला हात लावण्याआधी दुर्बीण काढून दुसऱ्या, खात्रीच्या रायफलीवर चढवली. ही पायरी लोक गाळतात आणि मग बेडिंगवर, म्हणजे ॲक्शन स्टॉकमध्ये टेकते त्या बैठकीवर, महिनोन्महिने घालवतात. ३६ किंवा ४० पटीच्या दुर्बिणीत आतली नळी दर धक्क्याला किंचित सरकून वेगळ्या जागी बसली, तर ग्रुप हुबेहूब असाच दिसतो: तीन एकत्र, दोन बाहेर. खात्रीच्या रायफलीवर ही दुर्बीण निर्दोष निघाली आणि त्या रायफलीची दुर्बीण या रायफलीवर लावल्यावर ग्रुप तसेच विखुरले. दुर्बिणीचा संशय संपला.

मग बेडिंग. स्टॉक व्हाइसमध्ये हलका धरला, चुंबकी स्टँड बॅरलवर बसवला आणि त्यावरच्या मापक डायलची सुई स्टॉकच्या पुढच्या टोकाला टेकवली. मागचा स्क्रू घट्ट ठेवून पुढचा हळूहळू सैल केला. चांगल्या बेडिंगमध्ये काटा एक-दोन थाऊच्या पुढे जाऊ नये. इथे तो सात थाऊ सरकला. म्हणजे स्क्रू आवळताना ॲक्शन स्टॉकमध्ये नुसती बसत नव्हती, वाकत होती. दोन पिलरांची (स्टॉकमध्ये स्क्रूंभोवती बसवलेल्या धातूच्या नळ्यांची) उंची जुळत नव्हती आणि मधल्या मॅगझिनच्या मोकळ्या जागेमुळे ॲक्शनला वाकायला वाव मिळत होता.

पिलर काढून नव्याने बसवले, इपॉक्सीत ॲक्शन स्वतःच्या वजनाने टेकू दिली, रिकॉइल लगच्या (धक्का स्टॉकवर घेणाऱ्या खुंटीच्या) पुढे, खाली आणि बाजूंना टेपने जागा सोडली, मागे मात्र पूर्ण टेकवलं. पुन्हा मोजलं तेव्हा काटा थाऊभरही हलला नाही. यानंतर ग्रुप दिसण्याइतके सुधारले. आडवे निसटणारे शॉट जवळजवळ बंद झाले. उभे मात्र राहिले.

उभा विखुर आणि वरचा लग

या प्रकरणातला सगळ्यात बोलका भाग हा आहे.

बोल्टच्या दोन्ही लगना (बोल्ट रिसीव्हरमध्ये अडकवणाऱ्या पुढच्या दातांना) निळी शाई लावून, फायरिंग पिन काढून, बोल्ट काही वेळा बंद-उघड केला. खालच्या लगची शाई बऱ्यापैकी पुसली गेली. वरच्या लगची फक्त एका कडेला पुसली गेली. हे कारखान्याच्या ॲक्शनमध्ये नेहमी सापडतं. लॅपिंग पेस्टने घासून दोन्ही लग टेकवता येतात आणि बहुतेक जण तिथेच थांबतात.

पण मग फायरिंग पिन परत बसवली, ट्रिगर लावला, काडतूस न घालता बोल्ट बंद केला आणि डायलची सुई बोल्टच्या मागच्या टोकावर, श्राउडच्या (मागच्या टोपणाच्या) पुढे टेकवली. रायफल कॉक असताना एक आकडा. ट्रिगर ओढून पिन सोडली, दुसरा आकडा. दोन्हींत पाच थाऊचा फरक. कॉक अवस्थेत सिअर (ट्रिगरचा अडसर) कॉकिंग पीसला, म्हणजे फायरिंग पिनच्या मागच्या भागाला, तिरका रेटा देतो आणि बोल्टचं मागचं टोक वर उचललं जातं. रिसीव्हरच्या मागच्या भागात बोल्टभोवती मोकळी जागा असल्यामुळे त्याला उचलायला वाव मिळतो. मागचं टोक वर गेलं की पुढे वरचा लग आपल्या जागेवरून सुटतो. म्हणजे पेस्टने घासून कितीही टेकवला, तरी गोळी सुटण्याच्या क्षणी वरचा लग टेकलेला नसतोच.

मग प्रायमर पेटतो, दाब चढतो, ब्रास (काडतुसाचं पितळी कवच) मागे रेटतं आणि वरचा लग पहिल्यांदा जाऊन आदळतो. हा धक्का उभ्या दिशेचा असतो आणि तो थेट ॲक्शनमधून बॅरलमध्ये जातो. दाब दर शॉटला थोडा वेगळा, म्हणून धक्काही थोडा वेगळा. ग्रुप उभा ताणला जाण्याचं असं साधं यांत्रिक कारण सापडलं की फार बरं वाटतं. लोड (पावडर-गोळीची जुळणी) बदलत बसून ते कधीच गेलं नसतं.

उपाय बोल्टच्या मागच्या भागात. तिथे बुश (मोकळी जागा भरणारं कडं) बसवून मोकळी जागा एका थाऊच्या आत आणली. पुढे बुश लावला नाही. तिथे थोडी ढील लागतेच, नाहीतर जरा धूळ गेली की बोल्ट अडकतो. रिसीव्हर मँड्रेलवर (आतून धरणाऱ्या सरळ दांड्यावर) धरून त्याचं तोंड, लग टेकण्याच्या जागा आणि आटे एकाच अक्षावर आणले. बोल्टचं तोंडही काटकोनात केलं, कारण ते आधी मोठं करून घेताना जॉब नीट सेंटर झालेला नव्हता. त्यानंतरच लॅपिंग, तेही अगदी हलकं. प्लंजर इजेक्टर, म्हणजे रिकामं ब्रास बाहेर उडवणारा स्प्रिंगचा दट्ट्या, काढून टाकला. तो ब्रासला एका बाजूने ढकलत राहतो, त्यामुळे काडतूस चेंबरमध्ये किंचित तिरकं बसू शकतं. बेंचवर रिकामं ब्रास बोटांनी उचलायचं असतं, त्याला उडवण्याची गरज नसते.

या कामानंतर शांत हवेत रायफल पाव इंचाच्या आत स्थिर ग्रुप देऊ लागली. ॲक्शन तीच, लांबीही तीच.

मग आखूड ॲक्शनची गरज होती का?

होती. पण वेगळ्या कारणासाठी, आणि ते कारण तराजूवर दिसलं. रायफल दुर्बिणीसकट दहा पौंड बारा औंस भरली. मर्यादा दहा पौंड आठ औंसांची. सरावाला कोणी वजन करत नाही, पण नोंदणीकृत स्पर्धेत रायफल तराजूवर जातेच. चार औंस कुठून तरी काढायचे होते.

पहिला विचार बॅरल कापण्याचा. लाइट व्हार्मिंटच्या नेहमीच्या बॅरलचा व्यास तोंडाशी सुमारे ०.९ इंच असतो. पोलादाचं वजन एका घन इंचाला ०.२८३ पौंड धरलं आणि ६ मिलिमीटरचं भोक वजा केलं, तर टोकाच्या एका इंचाचं वजन पावणेतीन औंसांच्या जरा खाली येतं. म्हणजे चार औंसांसाठी दीड इंच बॅरल गमवायचं. चालू ट्यून केलेलं बॅरल असं छाटायला माझा हात धजत नाही.

आता ॲक्शनच्या लांबीचा हिशेब. .३०८ कुळासाठीच्या शॉर्ट ॲक्शनमध्ये सुमारे २.८ इंच लांबीचं भरलेलं काडतूस मावतं. ६ पीपीसी भरून साधारण २.१ इंच. म्हणजे ०.७ इंच लांबी पीपीसीला लागतच नाही. रिसीव्हरचा बाहेरचा व्यास १.३५ इंच आणि आतला ०.७ धरला, तर त्या ०.७ इंचाच्या पूर्ण कड्याचं वजन तीन औंसांहून थोडं जास्त. लोडिंग पोर्टची कापलेली जागा वजा करा, आखूड झालेल्या बोल्टची बचत मिळवा, उत्तर तीन औंसांच्या आसपासच राहतं. म्हणजे बॅरलचा एक इंच आणि थोडं वर. निव्वळ लांबी कमी करून एवढंच हाती लागतं. टाकाऊ नाही, पण ज्या उत्साहाने "आखूड घ्या" म्हटलं जातं, त्या मानाने कमी.

ताठपणाचं गणितही असंच आहे. एका टोकाला धरलेल्या दांड्याची लांबी एक दशांशाने कमी केली तर वाक साधारण २७ टक्क्यांनी घटतो. व्यास एक दशांशाने वाढवला तर तोच वाक सुमारे ३२ टक्क्यांनी घटतो. स्टॉकमध्ये बसलेली ॲक्शन हा काही मोकळा दांडा नव्हे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, पण दिशा कळते. जाडी लांबीपेक्षा जास्त काम करते. आणि या दोन्हींपेक्षा मोठा फरक पडतो तो खालची बाजू बंद असण्याने. मॅगझिनवाल्या रिसीव्हरमध्ये पोर्टच्या जागी वर कापलेलं, खाली कापलेलं, मध्ये दोन बाजूंच्या पट्ट्या उरतात. सिंगल-शॉटमध्ये तळ भरीव राहतो, म्हणजे पन्हळीसारखा आकार मिळतो आणि स्टॉकमध्ये टेकायला सलग पृष्ठभागही.

जुन्या नेमबाजांनी हे वेगळ्या वाटेने शोधून काढलं होतं. खास बनवलेल्या ॲक्शन सहज मिळत नव्हत्या तेव्हा अमेरिकेत कारखान्याच्या ॲक्शनभोवती ॲल्युमिनियमची स्लीव्ह इपॉक्सीने चिकटवत. ॲक्शन आखूड होत नसे, जाड होई आणि तिचा टेकण्याचा पृष्ठभाग कितीतरी वाढे. लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यात .२२० रशियन ब्रासवरून पीपीसी बनवलं. या आखूड आणि जाडसर काडतुसाचा बेंचरेस्टवर जसजसा ताबा बसला, तसतशा त्याच्या मापाच्या ॲक्शनही वाढत गेल्या.

ॲल्युमिनियमचा मुद्दा इथे निर्णायक ठरला. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश आणि ताठपणाही तेवढाच. वरवर पाहता फायदा शून्य. पण भरीव गजाचा व्यास सुमारे ३२ टक्क्यांनी वाढवला की ताठपणा पोलादाच्या बरोबरीला येतो आणि वजन तरीही साठ टक्क्यांच्या आसपासच राहतं. स्टोल पांडासारख्या ॲक्शनचा जाड, सपाट बुडाचा देह या हिशेबाने उभा आहे. बॅरलचे आटे आणि लग टेकण्याची जागा अर्थात पोलादीच ठेवावी लागते, ॲल्युमिनियमवर लगचा मार टिकणार नाही.

निवड आणि तिच्या अटी

नेमबाजाने शेवटी ॲल्युमिनियमच्या देहाची, बंद तळाची, पीपीसीच्या लांबीची सिंगल-शॉट ॲक्शन घेतली. बोल्टची मूठ उजवीकडे, लोडिंग पोर्ट डावीकडे.

पोर्टची बाजू हा मुद्दा नवखे लोक शेवटी ठरवतात, तो आधी ठरवायला हवा. उजव्या हाताचा माणूस उजव्या हाताने बोल्ट मागे घेतो, डाव्या हाताने काडतूस टाकतो आणि उजवा हात मुठीवरून न काढता बोल्ट बंद करतो. रायफल खांद्यावरून हलत नाही. वाऱ्याचे झेंडे एकाच स्थितीत थांबले आहेत असं दिसलं की पाचही गोळ्या भराभर मारून टाकायच्या, ही इथली एक मोठी रीत आहे, आणि त्या वेळी बोल्टचा प्रवास इंचाच्या तीन चतुर्थांशाने कमी असणं हाताला लगेच जाणवतं. बोल्ट जितका कमी मागे जातो, तितका रायफलीचा तोल बॅगेत कमी डळमळतो.

आखूड ॲक्शनने काही दारं बंदही होतात. पीपीसीच्या बुडाचा व्यास सुमारे ०.४४५ इंच, तर ६ बीआर आणि ३० बीआर या काडतुसांच्या बुडाचा .३०८ सारखाच ०.४७३. उद्या बीआर वापरावंसं वाटलं तर दुसरा बोल्ट लागेल, आणि पोर्टमध्ये ते लांब काडतूस मावेल का हेही बघावं लागेल. दुर्बिणीच्या दोन रिंगांमधलं अंतर कमी होतं, म्हणून लांब, जड दुर्बीण दोन जवळच्या ठिकाणी धरली जाते. ॲक्शन स्टॉकला चिकटवण्याच्या पृष्ठभागाची लांबीही घटते. सपाट, रुंद तळ ती भरून काढतो, गोल तळाच्या आखूड ॲक्शनला मात्र हे जड जातं. माझ्या मते गोल तळाची अतिआखूड ॲक्शन आणि जड बॅरल ही जोडी टाळावी. ॲक्शनच्या पुढे लोंबणाऱ्या बॅरलचं सगळं वजन त्या थोडक्या जागेवर येतं.

ॲक्शन स्टॉकमध्ये इपॉक्सीने कायमची चिकटवली. यात स्क्रूंचं काम फक्त सुकेपर्यंत जागा धरून ठेवण्याचं. स्क्रू आवळण्यातून येणारा ताण मुळातच जातो. तोटा असा की ती पुन्हा काढायची तर गरम करावी लागते. म्हणून ट्रिगर खालच्या बाजूने काढता येतो की नाही, हे चिकटवण्याआधी दोनदा पाहून घेतलं.

बॅरल तेच ठेवलं. मागून थोडं कापून, नव्या ॲक्शनच्या मापाचे आटे पाडून, त्याच रीमरने चेंबर पुन्हा खोदलं. जुना ब्रास त्यामुळे वाया गेला नाही, फक्त डायमधून (ब्रास पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातून) शोल्डरचं, म्हणजे ब्रासच्या खांद्याचं, माप नव्याने जुळवावं लागलं. बोल्ट उचलताना शेवटी अडखळल्यासारखा टिक् आवाज येऊ लागला, तोही डायचाच प्रश्न निघाला. ब्रासचं बूड चेंबरच्या मानाने पुरेसं लहान होत नव्हतं. हा आवाज दुर्लक्ष करण्यासारखा नसतो. त्या टिक् बरोबर रायफल बॅगेतून सरकते आणि पुढचा शॉट मारण्याआधी नेम पुन्हा लावावा लागतो.

तराजूवर आता रायफल मर्यादेच्या दोन औंस खाली आली. बॅरल टोकाकडून छाटावं लागलं नाही.

टार्गेटवर काय दिसलं

शांत हवेत, सावकाश मारताना, नीट दुरुस्त केलेली जुनी ॲक्शन आणि नवी ॲक्शन यांच्या ग्रुपांत फरक शोधायला मला प्रयत्न करावा लागला. नवी किंचित सरस होती, पण वाऱ्याची एक चुकलेली झुळूक तो फरक गिळून टाकेल इतपतच. नेमबाज यावर जरा खट्टू झाला, आणि मला ते समजू शकतं, पैसे त्याने मोजले होते.

मग वारा असलेल्या दिवशी चित्र पालटलं. झेंडे थोडा वेळच एका दिशेला थांबत होते आणि तेवढ्यात पाच गोळ्या उरकायच्या होत्या. जुन्या ॲक्शनवर तीन-चार होऊन वारा फिरायचा, कारण लांब बोल्ट, उजवीकडचं पोर्ट आणि काडतूस टाकण्यासाठी मूठ सोडून पुन्हा धरणं यात वेळ जायचा. नव्यावर पाचही त्याच वाऱ्यात जाऊ लागल्या. त्याचे मोठे ग्रुप नाहीसे झाले, आणि पाच ग्रुपांच्या सरासरीत मोठे ग्रुप नाहीसे होणं हे एखादा चमकदार छोटा ग्रुप मिळण्यापेक्षा कितीतरी मोलाचं असतं.

म्हणून कोणी मला आखूड ॲक्शनबद्दल विचारलं तर मी आधी रायफलीचं वजन विचारतो, मग पोर्ट कुठल्या बाजूला हवंय ते, आणि सध्याच्या ॲक्शनचा वरचा लग कॉक अवस्थेत टेकतो का ते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. डायल असेल तर ते काही मिनिटांत मिळतं.

जुनी ॲक्शन विकली नाही. बुश बसवलेल्या त्याच बोल्टसह ती जाड बॅरल लावून साडेतेरा पौंडांच्या गटासाठी बांधली जात आहे. तिथे वजनाची ओढाताण नाही आणि तिची जास्तीची लांबी कोणाला खुपणारही नाही.